दगडूच्या तीन खुणा

चाळीसेक पोरं डावे हात पुढे करून चावडीसमोर रांगेत उभी होती आणि मला त्यांच्यात टोचायला एकही हात सापडत नव्हता.

प्रत्येकाच्या दंडावर तीन गोल खुणा. तिन्ही एका ओळीत, अंतर सारखं, आकार सारखा. मी तीन वर्षं हेच काम करत होतो, पण इतक्या सुबक खुणा माझ्या हातून एकदाही उमटल्या नव्हत्या.

"ही पोरं कोणी टोचली?" मी आबा पाटलांना विचारलं.

"कोणी म्हंजे? तुमच्याच मोठ्या डाक्टरनं. दसरा झाल्यावर आलते. तुमाला ठाव न्हाई व्हय?"

मला ठाऊक नव्हतं, कारण आमच्या खात्यात मोठा डॉक्टर म्हणून कोणी नव्हताच. धारूरच्या डोंगरपट्टीत मी एकटा, माझ्यावर एक इन्स्पेक्टर, आणि त्यांच्यावर थेट हैदराबाद.

आता थोडं सांगावं लागेल. निजामाच्या अमदानीत मी देवी काढणारा होतो. देवीचा रोग येऊ नये म्हणून दंडावर लॅन्सेटने, म्हणजे बारीक पात्याने, तीन जागी खरवडायचं आणि त्यावर लस चोळायची. आठव्या दिवशी फोड येतो, मग खपली धरते, ती पडली की कायमचा वण राहतो. एवढं झालं की पोर वाचलं. काम सोपं होतं. माणसं सोपी नव्हती. देवीचा रोग म्हणजे साक्षात देवी घरात येणं, आणि तिला अडवायला सरकारने सुई पाठवली, असा समज. खडकवाडीत पहिल्या वर्षी माझ्या तोंडावर दारं लागली, दुसऱ्या वर्षी पोरं रानात लपवली आणि तिसऱ्या वर्षी धनगरांनी माझ्यावर कुत्री सोडली. माझ्या डाव्या पोटरीवर त्याचा वण अजून आहे. तो मात्र अस्सल.

आणि त्याच खडकवाडीत चौथ्या वर्षी पोरं आपणहून हात दाखवत होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण काहीतरी खटकत होतं.

रांगेत पहिली उभी होती सरू, रखमा धनगरणीची चार वर्षांची पोर. रखमाचा थोरला मुलगा दोन सालांपूर्वी देवीत गेला होता. त्याच्या आदल्या थंडीत मी तिच्या दारात तासभर उभा होतो आणि तिने कडी काढली नव्हती. त्या तासाचं मला फार वाईट वाटायचं, आणि रागही यायचा. तिचा आणि माझाही.

मी सरूचा दंड धरला आणि खुणेवरून बोट फिरवलं. लसीच्या वणाला खळगी असते, बोटाला कळते. इथे खळगी नव्हती. कातडी गुळगुळीत, काळसर. दुसरं पोर पाहिलं, तिसरं पाहिलं. मग ध्यानात आलं काय खटकतंय ते. लस ही लहरी वस्तू आहे. तिन्हींतली एखादी जागा फसतेच. एखादा वण मोठा, एखादा पुसट. सगळ्या गावाच्या सगळ्या खुणा कधीच धरत नाहीत. मी नाकाशी दंड नेला, कडेची काळी रेघ पाहिली आणि ओळखलं. बिब्बा. भेगांना लावतात तोच. त्याचं तेल कातडीवर पडलं की फोड येतो आणि डाग राहतो.

"पाटील, ह्या खुणा खोट्या आहेत."

"खोट्या कशा? डोळ्यांपुढं हायेत की. त्या डाक्टरनं देवीला कौल लावला, देवीनं हो म्हणलं, मग खूण केली. तुमी कधी देवीला इचारलं का? आले की सुई काढता."

रखमा मागे उभी होती. ती म्हणाली, "सरकारची सुई देवीला लागती. त्येनं देवीचीच खूण केली. सरकारबी राजी, देवीबी राजी. आता कावून पोरीला पुन्ना रडवता?"

ओढ्यापलीकडच्या वस्तीत दोन दारांना कडुलिंबाचे डहाळे टांगलेले मी येताना पाहिले होते. डहाळे लागले म्हणजे त्या घरात देवी आली. ओढा ओलांडायला तिला किती दिवस लागणार? आणि ही चाळीस पोरं खोट्या खुणा मिरवत मोकळी हिंडत होती.

तडक धारूर गाठलं. इन्स्पेक्टरसाहेब मुसाफिरखान्यात उतरले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "निशान है ना हाथ पर?"

"आहे साहेब, पण झूठा आहे."

"मुआयने में कौन देखेगा झूठा-सच्चा? गांव पूरा हो गया. रजिस्टर में लिख दो, तुम्हारी तारीफ होगी." मुआयना म्हणजे वरून होणारी तपासणी.

"साहेब, ओढ्यापलीकडे देवी आली आहे."

माणूस वाईट नव्हता, फक्त थकलेला होता. "तो जाओ, टोचो. जबरदस्ती मत करना, पिछले साल दंगा हुआ था. लस कितने दिन की है?"

लस पाच दिवसांची उरली होती. हैदराबादेत वासराच्या अंगावर ती तयार करतात आणि काचेच्या बारीक ट्यूबांत भरून टपालाने पाठवतात. उन्हाने मरते, म्हणून मी ती ओल्या फडक्यात गुंडाळून गाडग्यात ठेवायचो. पाच दिवसांत खडकवाडी टोचली नाही तर नवी लस येईतो महिना जाणार.

जबरदस्ती करायची नाही, आणि लोक माझं ऐकणार नाहीत. मग ज्याचं ऐकतात त्यालाच धरायला हवं होतं. पाटील बोलता बोलता दोन गोष्टी सांगून गेले होते. डॉक्टरच्या तोंडावर देवीचे वण होते, आणि त्याने फी म्हणून घरटी देवीची ओटी घेतली होती, एक नारळ आणि एक खण. चाळीस-पन्नास नारळ कोणी खात बसत नाही. विकावे लागतात. दुसऱ्या दिवशी वडवणीचा बाजार होता. तट्टू काढलं.

बाजारात मी माणूस शोधलाच नाही, नारळ शोधले. एका घोंगडीवर नारळांची रास आणि खणांची चळत दिसली. प्रत्येक नारळावर कुंकवाचं बोट ओढलेलं. मागे चाळिशीचा माणूस, चेहरा वणांनी भरलेला, शेजारी पितळी कडीची पेटी आणि पेटीवर लाल तुर्की टोपी.

मी एक नारळ उचलला. "हा कोणत्या गावचा?"

त्याने माझ्या हातातलं गाडगं पाहिलं, खांद्यावरची पेटी पाहिली, आणि जरासुद्धा न दचकता म्हणाला, "तो खडकवाडीचा. बसा, डाक्टरसाहेब. मला वाटलंच हुतं तुमी येनार. पान खाता?"

असा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. नाव दगडू. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून ठेवलेलं नाव. स्वतः लहानपणी देवीतून वाचलेला. कुठल्याशा दवाखान्यात वर्षभर झाडू मारला, तेवढ्यावर डॉक्टर झालेला. मी ओरडायचं ठरवून आलो होतो, पण तोंडून निघालं भलतंच.

"इतक्या सारख्या खुणा केल्यास कशा रे?"

तो खुलला. "बिब्बा पसरतो, साहेब. म्हणून आदी चुन्याचं कडं करायचं, मधी सुईच्या टोकानं थेंब. चुन्याच्या भाईर तेल जात न्हाई. अंतर मोजायला ही काडी." त्याने खाचा पाडलेली काडी दाखवली. खरं सांगतो, सरकारने मला असली काडी कधी दिली नव्हती.

"आणि कौल?"

कौल म्हणजे देवीच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दगडू म्हणाला, "डावीकडं गुळाचं पानी, उजवीकडं साधं. देवी कशाला न्हाई म्हनंल?"

मग मात्र माझं डोकं तापलं. म्हणालो, "ओढ्यापलीकडं डहाळे लागलेत. तुझ्या चुन्याच्या कड्यातली चाळीस पोरं आता देवीच्या तोंडी आहेत. तुला अमीनसाहेबांच्या ताब्यात देणार आहे मी." अमीन म्हणजे तेव्हाचा फौजदार.

त्याचा पान लावणारा हात थांबला.

"तिथं एक धनगराची पोर हाय," तो म्हणाला. "सरू. बिब्बा लागताना समदी रडली, ती रडली न्हाई. माझ्या तोंडाला हात लावून म्हणली, काका, तुमाला लई दुखलं का?" त्याने घोंगडीची चारी टोकं उचलून नारळांचं गाठोडं बांधलं. "चला. नंतर अमीनाकडं न्या न्हाईतर फासावर द्या."

मी म्हणालो, गावासमोर सगळं कबूल करायचं. त्याने मान हलवली. "मी खरं सांगितलं तर मला हानतील, ते जाऊ द्या. पर तुमची सुईबी मेली. डाक्टर म्हंजे लबाड असं एकदा बसलं की धा साल दार उघडनार न्हाईत. त्यापरास मी पुन्ना कौल लावतो. देवी म्हनंल, पहिली खूण आवतनाची, आता दुसरी खरी करा. तुमी माझे शिपाई."

मी, सरकारी नोकर, ह्या भामट्याचा शिपाई! पण त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि म्हणूनच मला त्याचा आणखी राग आला.

वाटेत तो सारखा विचारत होता. एका ट्यूबेत किती पोरं होतात? लस मेली हे कसं कळतं? संपली तर काय करता? आपली विद्या सांगायची खाज कोणाला नसते. मी सांगत गेलो. पूर्वी लस संपली की आठव्या दिवशीच्या फोडातलं पाणी घेऊन दुसऱ्या पोराला टोचत, हातावरून हातावर. आता त्याला मनाई आहे, कारण एकाचे इतर रोग दुसऱ्याला जातात. निरोगी पोर निवडून घेतलं तर चालायचं म्हणे. तो फक्त हूं हूं करत होता.

खडकवाडीत सकाळी पोचलो. दगडूने टोपी घातली आणि गाव गोळा झालं. मला कोणी विचारलं नाही. देवीची शेंदूर फासलेली मूर्ती पूर्वेला तोंड करून एका मोठ्या खडकाच्या सावलीत होती. दगडूने झेंडूच्या पाकळ्या लावल्या, डावीकडे गूळ, उजवीकडे पाणी, आणि गाऱ्हाणं घातलं. काय आवाज होता! मला स्वतःला वाटलं की देवी आता बोलेल.

गार सकाळ, वर सावली. पाकळ्या वाळेनात. लोक थांबले. आणि मग मी पाहिलं. डाव्या खांद्यावर मुंग्यांची रांग चढत होती. गुळाचा वास लागला होता त्यांना. मी दगडूकडे पाहिलं, त्यालाही दिसलं होतं. दोघंही काही करू शकत नव्हतो. मुंग्यांनी पाकळी हलवली, ओढली, आणि डावी पाकळी खाली पडली.

देवी नाही म्हणाली.

रखमाने सरूला कडेवर घेतलं आणि घराकडे वळली. तिच्या दारातला तो तास मला आठवला.

दगडूने डोक्यावरची टोपी काढली आणि देवीच्या पायाशी ठेवली. मग तो मांडी घालून खाली बसला आणि रडायला लागला.

"रखमाबाई, थांबा," तो म्हणाला. "देवी तुमाला न्हाई म्हणली न्हाई. मला म्हणली. ह्या मुंग्या बघा. मी तिच्या खांद्याला गूळ लावला. मागल्या खेपेलाबी लावलता. मी डाक्टर न्हाई, कोनी न्हाई. दवाखान्यात झाडू मारनारा हाय. तिनं मुंग्या धाडून मला पकडलं."

पाटील पुढे झाले, डाव्या खांद्यावर बोट लावलं, जिभेला लावलं. "गूळच हाय की रं," ते म्हणाले. कोणीतरी काठी उचलली. दगडू हलला नाही. तो बोलतच राहिला. आई कशी गेली, भावंडं कशी गेली, अंगावर लिंबाचा पाला टाकून तो कसा पडून होता, पोरांच्या तोंडचे नारळ त्याने कसे बाजारात विकले. किती वेळ बोलला देव जाणे. काठी उचललेला माणूससुद्धा काठी टेकून ऐकत राहिला.

रखमा परत आली होती. "म्हंजे माझ्या सरूच्या हातावरची खूण खोटी?"

"खोटी, बाई."

तिने त्याच्या थोबाडीत मारली. जोरात. मग विचारलं, "मंग खरी कोनाची?"

दगडूने माझ्याकडे बोट केलं. "ह्येची. तीन सालं झाली, दारात येतो. काय मागत न्हाई, नारळ न्हाई, खण न्हाई. आन् तुमी कुत्री सोडता. माझं ऐकू नका. ह्येचंबी ऐकू नका. रखमाबाई, तुमीच इचारा देवीला. तुमच्या हातानं, साध्या पान्यानं."

रखमाने मूर्ती धुतली. मुंग्या झटकल्या. दोन्ही खांद्यांवर साध्या पाण्याने पाकळ्या लावल्या आणि हात जोडून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. मी नास्तिक नाही आणि फार देवभोळाही नाही, पण त्या वेळी मीही हात जोडले होते. ह्या खेपेला कोणाच्याच हातात काही नव्हतं.

थोड्या वेळाने उजवी पाकळी सुकून वळली आणि पडली.

रखमाने सरूची बाही वर केली आणि तिला माझ्यापुढे बसवलं. "टोचा," ती म्हणाली, "पर हळू." मी लॅन्सेट काढलं. तिच्यामागे रांग लागली. आदल्या खेपेपेक्षा लांब.

दगडू माझ्याशेजारी पोरांचे दंड पुसत होता. मी हळूच विचारलं, "दुसऱ्यांदा काय केलंस?"

"मी कुटं काय केलं? बाईनं लावल्या."

"दगडू."

त्याने खडकाकडे नजर टाकली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही आलो तेव्हा सगळी मूर्ती सावलीत होती. आता खडकाची सावली सरकली होती आणि उजव्या खांद्यावर ऊन होतं. डावा अजून सावलीत.

"म्हणजे तू ऊन येईपर्यंत रडत होतास?"

"येळ लागतो, साहेब, ऊन याला."

"आणि रडणं?"

"ते खरं हुतं," तो म्हणाला आणि पुढच्या पोराचा दंड पुसायला लागला.

मी लॅन्सेट हातात धरून त्याच्याकडे बघत राहिलो. डाव उलटला, काठ्या उचलल्या गेल्या, आणि तेवढ्यातल्या तेवढ्यात ह्या माणसाने खरं बोलायचं ठरवलं आणि सूर्यही मोजला. मला ते अजून उलगडत नाही. त्याला नमस्कार करायचाच काय तो मी बाकी ठेवला होता.

दुपारी शेवटचं पोर टोचून मान वर केली तर दगडू नव्हता. टोपी देवीपाशीच होती. पेटी तपासली तर दुसरं लॅन्सेट गेलेलं, आणि गाडग्यातल्या दोन ट्यूबा. हलकट, मी म्हणालो. रखमाने ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसली.

आठव्या दिवशी तपासायला गेलो. सरूच्या तीनपैकी दोन जागा धरल्या होत्या, एक फसली होती. कोणाच्या तिन्ही, कोणाची एकच. असल्या वेड्यावाकड्या खुणा पाहून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पुढल्या महिन्यात देवीने ओढा ओलांडला. खडकवाडीत तीन मोठी माणसं आजारी पडली, त्यातलं एक म्हातारं गेलं. टोचलेल्या पोरांतलं एकही पडलं नाही. सरू कुत्र्यांच्या मागे पळत होती. ती कुत्री आता मला बघून शेपूट हलवत.

लॅन्सेट आणि ट्यूबा गहाळ केल्याबद्दल मला लेखी जवाब द्यावा लागला. त्यात मी दगडूचं नाव घातलं नाही. का, ते साहेबांनी विचारलं नाही.

दोन हिवाळे गेले. माझी बदली घाटनांदूरकडे झाली. तिथल्या एका आडवाडीत, जिथे आमच्या खात्याचं माणूस कधी गेलंच नव्हतं, पोरं माझी पेटी बघून धावत आली आणि दंड पुढे केले. खुणा. मी सगळ्यांत पुढच्या पोराचा हात धरला आणि बोट फिरवलं.

खळगी होती.

दुसऱ्याला होती. तिसऱ्याची एक जागा फसलेली. मी रांगेतला प्रत्येक हात चाचपला. सगळ्या खुणा वाकड्या, लहानमोठ्या, आणि सगळ्या खऱ्या.

एका आजीला विचारलं, कोण आलं होतं? "तोंडावर वण असलेला बाबा आलता. त्याच्यासंगं पलीकडच्या वाडीचं एक गुटगुटीत पोर हुतं, आईच्या कडेवर. त्या पोराच्या फोडातलं पानी घेऊन आमच्या दोन पोरांना टोचलं. आठ दिसांनी आमच्यातलं घेऊन बाकीच्यांना. मंग आमचं पोर घेऊन म्होरल्या वाडीला गेला. नारळ मात्र घेतला हां घरटी."

हातावरून हातावर. दोन ट्यूबांची लस तो दोन वर्षं गावोगाव जिवंत ठेवत आला होता. एक आठवडा चुकला असता तर साखळी तुटली असती. सरकारला हैदराबादहून टपालाने जे जमत नव्हतं, ते ह्याने नारळावर जमवलं होतं. मी तिथे ओट्यावर बसून राहिलो. माझे डोळे भरून आले होते, ते का लपवू?

"कौल लावला होता का त्याने?" मी विचारलं.

"न्हाई बा. आमी म्हणलं लाव, तर म्हणला, मी मुंग्याला लई भेतो."

रजिस्टरात टोचणाऱ्याचं नाव असा रकाना असतो. त्या वाडीपुढे मी 'दगडू' लिहिलं. मुआयन्याच्या वेळी इन्स्पेक्टरसाहेबांनी रकान्यावर बोट ठेवलं. "ये कौन है?"

"अपना ही आदमी है, साहेब."

साहेबांनी एका पोराचा दंड पाहिला. मग, पहिल्यांदाच, खुणेवरून बोट फिरवलं आणि खाली सही केली.

पुढे माझ्या हाताखाली नवे टोचणारे आले, त्यांना मी दोनच गोष्टी सांगत आलो. खूण डोळ्यांनी बघू नका, बोटाने बघा. आणि देवीला काही विचारायचं असेल तर गूळ घरी ठेवून जा.